बिनहवेची चाकं

दत्ताराम भुवड एसटीतून निवृत्त झाले त्याला आठ वर्षं झाली, पण मनगटावरचं घड्याळ काही निवृत्त व्हायला तयार नव्हतं. एकतीस वर्षं त्यांनी वाहतूक नियंत्रक म्हणून काढली. कुठली गाडी किती वाजता सुटली, किती वाजता पोचली, उशीर झाला तर का झाला, हे लिहिण्यात त्यांची हयात गेली, आणि जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते काही खोटं नाही. फक्त आता लिहायला गाड्या उरल्या नव्हत्या. तेव्हा ते सुनेची फेरी लिहीत.

सड्यावरच्या त्यांच्या घरात पडवीच्या खुंटीला एक लांबडी वही टांगलेली असे. वहीत चार रकाने होते: सुटली, पोचली, परत, आणि शेवटचा जरा रुंद रकाना, कारण. दर्शना, त्यांची सून, मंगळवारी आणि शुक्रवारी सायकलच्या कॅरिअरला अंड्यांची टोपली बांधून घाटी उतरायची, मिरकरवाड्याच्या बंदराजवळच्या एका खानावळीत अंडी पोचवायची आणि परत यायची. सात चाळीसला निघायचं, नऊ वीसला परत. नऊ वीसला ती फाटकात दिसली की दत्ताराम "राईट टाईम" म्हणत आणि वही मिटत. नऊ पंचविसाला तिचा फोन वाजायचा. साडेनवाला ते स्वतः फाटकात उभे असायचे, चष्मा कपाळावर, पेन कानावर.

"उशीर. कारण?"

लग्न होऊन आली तेव्हा दर्शना खरी कारणं सांगायची. माहेरकडची बाई भेटली, दोन शब्द बोलले. ऊन लागलं, झाडाखाली टेकले. दत्ताराम ऐकून घेत आणि मान हलवत. "हे कारण होत नाही, दर्शना. कारण गाडीचं असतं. माणसाचं नसतं. ड्रायव्हर म्हणाला मला कंटाळा आला, तर मी काय लिहायचं?" आणि रकाना तसाच कोरा राहायचा. त्या कोऱ्या रकान्याची शिक्षा अशी काही नव्हती. दत्ताराम ओरडत नसत, टोमणा मारत नसत. पण दिवसभर जाता-येता त्या वहीकडे बघत राहायचे, आणि तिला आपण काहीतरी चोरून आणलंय असं वाटत राहायचं.

माणूस वाईट असता तर सोपं होतं. वाईट माणसाशी भांडता येतं. दत्तारामांशी कशावरून भांडणार? सासूबाई गेल्यापासून ते स्वतःची कपबशी स्वतः विसळत. दर्शनाला ताप आला तर पेज करून उशाशी आणून ठेवत, मासळी स्वतः साफ करत. नात समीक्षा हिचा अभ्यास घेत. गावात कुणाच्या सासऱ्याचं नाव निघालं की बायका म्हणत, "दर्शना, तू नशिबाची." दर्शना हसायची आणि पदरानं मान पुसायची, कारण त्यावर दुसरं काय करतात ते तिला ठाऊक नव्हतं.

सडा म्हणजे नुसता कातळ. वाडीत चार घरं, त्यातल्या तीन घरांना गणपती आणि शिमगा सोडून कुलूप, माणसं सगळी मुंबईला. दर्शनाचा नवरा विनोदही तिकडेच, औषधांच्या गोदामात. रोज संध्याकाळी फोन करून "आज काय विशेष?" विचारायचा. विशेष काय असणार! सड्यावर झाड नाही, वळण नाही. पडवीत बसलं की घाटीच्या तोंडापर्यंतचा रस्ता दिसतो, आणि दत्ताराम दिवसभर पडवीतच बसत. दर्शना विहिरीवर गेली तरी दिसायची, खुराड्याशी गेली तरी दिसायची, वाळत घातलेल्या साडीमागे मिनिटभर उभी राहिली तर साडीखाली तिचे पाय दिसायचे. "काय गो, काय झालं?" ते काळजीनं विचारत. काही झालेलं नसायचं. तिला फक्त मिनिटभर कुणाला दिसायचं नसायचं.

आणि मग दोन वर्षांपूर्वी एका मंगळवारी तिची सायकल पंक्चर झाली.

ती पंक्चर खरीखुरी होती. घाटीच्या पायथ्याशी मथुराकाकीचं पंक्चरचं दुकान आहे, चार पत्रे आणि एक फणस एवढंच. नवरा गेल्यावर मथुरानं ते चालवायला घेतलं तेव्हा लोक हसले होते, आता मोटारसायकलवालेही तिच्याकडेच येतात. तिनं चाकातली ट्यूब काढली, टबातल्या पाण्यात बुडवून फिरवली, बुडबुडे शोधले, घासलं, सोल्युशन लावलं. दर्शना उभीच होती, डोळे फोनवरच्या घड्याळाकडे.

"बस गो," मथुरा म्हणाली. "सोल्युशन वाळल्याबिगर ठिगळ धरायचा नाय. तू उभी राहून काय लवकर वाळणार हाय?"

दर्शना पालथ्या खोक्यावर बसली. चपला काढून तिनं पाय फणसाच्या सावलीतल्या गार मातीवर ठेवले. समोरून रिक्षा गेल्या, मासळीचे टेम्पो गेले. मथुरानं अर्धा कप चहा दिला, तो दर्शनानं केलेला नव्हता, आणि कप तिला विसळायचाही नव्हता. चाळीस मिनिटं कुणी तिला काही मागितलं नाही. तिनं काही केलं नाही, कसला विचारही केला नाही. नुसती बसली. लग्नानंतर एवढं नुसतं ती पहिल्यांदाच बसली होती.

घरी पोचायला दहा वाजले. दत्तारामांनी वाकून ट्यूबच्या तोंडाशी लागलेली ओल बघितली, रिमवरचे पान्याचे ओरखडे बघितले, आणि त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. "ब्रेकडाऊन. त्याला काय इलाज?" त्यांनी कारणाच्या रकान्यात ठसठशीत अक्षरात 'पंक्चर' लिहिलं, आणि स्वतः आत जाऊन तिच्यासाठी तांब्याभर पाणी घेऊन आले.

दर्शना पाणी प्यायली. तांब्या खाली ठेवताना तिला एवढं नीट कळलं होतं, की या घरात माणसाला रजा नाही, पण सायकलला आहे.

त्यानंतर महिन्यातून दोनदा सायकल पंक्चर व्हायला लागली. नुसतं सांगून भागणारं नव्हतं, दत्ताराम वाकून चाक तपासत. म्हणून सीटच्या खालच्या बाजूला, चामड्याच्या फटीत, बोरीचा एक जाड काटा ती खोचून ठेवायची. खानावळीतून निघालं की दुकानाच्या अलीकडच्या, ओढ्यावरच्या मोरीपाशी उतरायचं, काटा टोचायचा, आणि हवा जाण्याचा आवाज ऐकत उभं राहायचं. तो आवाज तिला फार आवडायचा. तिसऱ्या वेळी मथुरानं ट्यूबला पडलेलं भोक निरखलं, मग दर्शनाकडे बघितलं. "रस्त्यावरचा काटा आडवातिडवा घुसतो," ती म्हणाली. "ह्यो बरा सरळ घुसलाय." दर्शना लालबुंद झाली. मथुरानं पुढं एक अक्षर विचारलं नाही. चहाचं आधण मात्र ठेवलं, आणि त्या दिवसापासून तिचं सोल्युशन वाळायला जरा जास्तच वेळ लागायला लागला.

सगळं सुरळीत चाललं होतं असं नाही. भीती होतीच. दत्तारामांचा एक आवडता किस्सा होता. दापोलीकडच्या गाडीवर एक ड्रायव्हर होता, महिन्यातून दोन-तीनदा त्याची गाडी हटकून मुरुडला बंद पडायची. कुणाच्या लक्षात आलं नाही. दत्तारामांनी वर्षभराच्या नोंदी समोर घेतल्या आणि बोट ठेवलं. "ब्रेकडाऊन कधी एकाच जागी होत नसतो!" ते मांडीवर थाप मारून सांगत. ड्रायव्हरची बदली झाली. "नंतर कळलं, मुरुडला त्याची धाकटी बहीण दिलेली होती. दहा मिनिटं तिच्या दारात बसायचा नि यायचा." इथं ते क्षणभर थांबत. "पण नियम म्हणजे नियम." समीक्षा खिदळायची. दर्शना मात्र हा किस्सा लागला की चुलीवर काही ठेवलंय असं सांगून आत जायची.

कारण वही तिनंही चाळली होती. पंक्चर, पंक्चर, पंक्चर. सगळ्या परतीच्या वाटेवर. सगळ्या मथुराच्या दुकानाशी.

दत्तारामांच्याही ते लक्षात आलं. पण त्यांनी जो निष्कर्ष काढला तो तिला स्वप्नातही सुचला नसता.

"दोन वर्षांत एकेचाळीस पंक्चर," एका सकाळी ते वही मांडीवर घेऊन म्हणाले. दर्शनाच्या हातातलं सूप तसंच राहिलं. "एकेचाळीस! आणि तू एका शब्दानं तक्रार केली नाहीस. उन्हातान्हात सायकल ढकलत येतेस. मला वाचताना लाज वाटली गो. तुझी सासू असती तर मला म्हणाली असती, लिहिताय काय नुसते, काहीतरी करा."

आणि त्यांनी केलं. विनोदला फोन गेला, विनोदनं मुंबईहून मागवलं, आणि आठव्या दिवशी पार्सल दारात आलं. आत दोन काळे टायर होते. ट्यूब नाही, वॉल्व्ह नाही. एका अंगानं आरपार छिद्रं पाडलेलं भरीव रबर. दत्ताराम ते हातात घेऊन फिरवत राहिले, त्यांचे डोळे नव्या गाडीला हार घालताना व्हायचे तसे झाले होते. "हवाच नाही! हवाच नाही म्हटल्यावर जाणार काय? काटा घुसू दे, खिळा घुसू दे. जन्मात पंक्चर नाही. बघ, तुझ्यासाठी मागवलेत."

"बरं झालं," दर्शना म्हणाली.

टायर चढवायला ते स्वतः तिच्याबरोबर मथुराच्या दुकानात गेले. मथुरानं तसला टायर आधी कधी बघितला नव्हता. गरम पाण्यात बुडवून मऊ केला, एका बाजूनं रिमवर बसवला तर दुसऱ्या बाजूनं उसळून बाहेर यायचा. दोरीनं बांधला, गुडघ्यानं दाबला, दोन पाने वाकवले. तासभर ती त्या चाकाशी झुंजत होती. दत्ताराम सूचना करत होते. दर्शना त्याच खोक्यावर बसली होती, पण आज चहाला चव नव्हती. आपल्या डोळ्यांदेखत आपल्याच दाराला कुलूप लागताना बघावं आणि कुलूप लावणाऱ्याला शाबासकी द्यावी, असं तिचं झालं होतं.

शेवटी टायर कट्‌कन बसला. मथुरानं पदरानं घाम पुसला. "दादा, ह्ये एकदा चढलं का चढलं बघा. उतरवायचं झालं तर कापायलाच लागंल."

"उतरवायचं कशाला?" दत्ताराम हसले.

मथुरानं दर्शनाकडे बघितलं. दर्शनानं सीटखाली हात घालून तो बोरीचा काटा काढला आणि फणसाच्या मुळाशी टाकून दिला.

आणि मग राईट टाईम सुरू झाला. मंगळवारी राईट टाईम, शुक्रवारी राईट टाईम, पुन्हा मंगळवारी राईट टाईम. टायर दगडासारखे कडक होते. घाटीतल्या उखडलेल्या डांबरावर हॅण्डल थरथरायचं आणि घरी आल्यावरही तिचे तळहात तासभर मुंग्या आल्यागत राहायचे. चढावर सायकल पूर्वीपेक्षा जड चालायची. नट सैल व्हायचे, ते दत्ताराम दर संध्याकाळी आवळत. पण पंक्चर म्हणून नाही. दुकानासमोरून जाताना मथुरा हात वर करायची, दर्शनाही हात वर करायची, आणि न थांबता चढाला लागायची. एकदा ती दहा मिनिटं थांबली आणि साखळी पडली म्हणून सांगितलं. दत्तारामांनी त्याच दिवशी साखळीची एक कडी काढून ती घट्ट केली. एकदा ब्रेक अडकला म्हणाली. दुसऱ्या सकाळी दोन्ही ब्रेकच्या वायरी नव्या होत्या. "आता बघ," ते म्हणाले, "तुला थांबवायची कुणाची टाप नाही."

रात्री नव्हे, भरदिवसा, कोंबड्यांना दाणे टाकताना तिला रडू यायचं. आपण कशासाठी रडतोय हे सांगायचं तरी कुणाला? माझी चाळीस मिनिटं गेली म्हणून? विनोदला एकदा ती फोनवर म्हणाली, "ते टायर फार कडक आहेत हो." तो म्हणाला, "अगं, पण निवांत ना? कटकट गेली की नाही?" गेली, ती म्हणाली. कटकट गेली.

पंधरा दिवसांनी खानावळवाल्यानं टोपलीतून तीन अंडी काढून बाजूला ठेवली. तडकलेली होती.

दर्शना परत येताना पूर्ण घाटीभर त्या तीन अंड्यांचा विचार करत होती. टायर कडक, म्हणून हादरा जास्त, म्हणून अंडी फुटतात. हे गाडीचं कारण होतं. हे रकान्यात बसणारं कारण होतं! ती घरी पोचली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. पुढच्या शुक्रवारी तिनं एकही खड्डा चुकवला नाही. उलट जे खड्डे वाटेत नव्हते तेही शोधून काढले. अकरा अंडी फुटली. टोपलीतून बलक गळत कॅरिअरवर वाळला होता, तो तिनं तसाच दत्तारामांना दाखवला.

"टायरमुळे," ती म्हणाली. "हवेचे होते तेव्हा एक फुटत नव्हतं. हे व्यवहाराला बरे नाहीत, बाबा. कापून टाकू या."

दत्तारामांनी बलकाकडे बघितलं. ऐकीव कारणावर त्यांनी जन्मात काही लिहिलं नव्हतं. दुपारी त्यांनी धोतराचा काचा मारला, टोपलीत सहा अंडी घेतली, आणि वयाच्या सहासष्टाव्या वर्षी सायकलवर टांग टाकली. समीक्षा टाळ्या पिटत मागून धावली. कातळावरून ते घाटीच्या तोंडापर्यंत गेले आणि परत आले. उतरले तेव्हा दोन्ही हात कमरेवर होते आणि दातांची कवळी एका बाजूला सरकली होती. चार अंडी फुटली होती. त्यांनी फुटलेली टरफलं एकेक करून टोपलीबाहेर काढली. "या असल्या सायकलवर तुला पाठवत होतो मी," शेवटी एवढंच म्हणाले. वहीत त्यांनी लिहिलं: 'टायर अंड्यांस अयोग्य.'

त्या रात्री दर्शनाला छान झोप लागली. साधे टायर. ट्यूब. वॉल्व्ह. बोरीचा नवा काटा कुठून तोडायचा तेही तिनं ठरवलं होतं.

मंगळवारी सात चाळीसला ती टोपली बांधायला पडवीत आली तर टोपली जागेवर नव्हती. फाटकाबाहेर टेम्पो उभा होता. दूध गोळा करणारा विनीत टोपली पुढच्या सीटवर ठेवत होता, आणि दत्ताराम त्याला सांगत होते, "हळू रे, अंडी आहेत."

टेम्पो गेला. दत्ताराम वळले. एखादी मोठी गोष्ट उरकलेल्या माणसासारखे दिसत होते. "विनीत रोज तिकडूनच जातो. मंगळवार-शुक्रवार दारातून घेऊन जाईल. तुझा त्रास कायमचा मिटला, दर्शना. आता तुला कुठं म्हणून जायला नको."

ती उंबऱ्यात उभी होती. तिनं मान हलवली. आपणच खड्डे शोधून काढले होते, हे तिला आठवलं आणि हसू आलं.

नंतरचे पाच आठवडे तिनं सडा सोडला नाही. काही अडलं नाही. किराणा विनीत आणायचा, औषधं विनीत आणायचा. सकाळी टेम्पोचा हॉर्न वाजायचा, दत्ताराम वहीत लिहायचे, आणि ती आत भांडी घासायची. सायकल पडवीत भिंतीला लावून ठेवली होती. उभ्या सायकलची हवा आपोआप जाते, चाकं बसतात, मग निदान सायकल वापरात नाही एवढं तरी कळतं. हिचं काहीच झालं नाही. दत्ताराम रोज जाता-येता अंगठ्यानं टायर दाबून बघत आणि कौतुकानं म्हणत, "बघ, आहे तशीच." दर्शनाला त्या सायकलकडे बघवेना. तिनं तिच्यावर जुनं लुगडं टाकलं.

मग एका शुक्रवारी हॉर्न वाजला नाही. विनीतचा फोन आला, टेम्पोच्या स्प्रिंगचा पाटा मोडला होता. खानावळवाल्याचे दोन फोन येऊन गेले. दत्ताराम पडवीत येरझारा घालू लागले. नियोजित फेरी रद्द करणं त्यांच्यानं होत नव्हतं.

"आजच्या दिवस तू जाशील?" त्यांनी अगदी अपराधी आवाजात विचारलं.

दर्शनानं लुगडं ओढून काढलं. टोपलीत तळाशी भाताचं तूस घातलं, अंड्यांमध्ये तूस भरलं, आणि सात पन्नासला निघाली. सगळे खड्डे चुकवत, उतारावर उतरून चालत, हळूहळू गेली. दोन अंडी तडकली, अडतीस शाबूत पोचली. परत येताना मोरी लागली. ती उतरली नाही. टोचायला काटा नव्हता, आणि टोचण्यासारखं काही नव्हतं. दुकानासमोर आली तेव्हा मथुरानं सवयीनं हात वर केला. दर्शनानं ब्रेक दाबला.

मथुरा पुढं आली, चाकाशी वाकली. "काय झालं गो सायकलीला?"

"काय नाय झालं."

"मग?"

"बसते जरा."

मथुरानं खोकं ओढून दिलं. दर्शना बसली. आणि तिला बसता येईना. पूर्वी ट्यूब टबात असायची, सोल्युशन वाळत असायचं, कुणी विचारलं तर सांगायला काहीतरी असायचं. आज धडधाकट सायकल समोर उभी होती आणि ती आपली उगाच बसली होती. रस्त्यावरचा प्रत्येक माणूस आपल्याकडे बघतोय असं तिला वाटलं. दोनदा उठली, दोनदा बसली. पदरात फोन वाजला. बाबा. तिनं फोन हातात धरला, वाजून वाजून तो थांबला. तिनं उचलला नाही. तिनं चपला काढल्या आणि पाय मातीवर ठेवले. मथुरानं कुणाच्यातरी मोटारसायकलची ट्यूब पाण्यात बुडवली, बुडबुडे आले. चहा झाला. हळूहळू दर्शनाचे खांदे उतरले. पुरी चाळीस मिनिटं ती बसली.

सड्यावर आली तेव्हा दत्ताराम फाटकात नव्हते, त्याच्याही पुढे रस्त्यावर उभे होते. उन्हानं तोंड लाल झालं होतं. तिला बघितल्यावर त्यांचा धरलेला श्वास सुटला. मग चष्मा कपाळावर गेला, आणि हात कानावरच्या पेनाकडे गेला.

"उशीर," ते म्हणाले. "पासष्ट मिनिटं. फोन उचलला नाहीस. कारण?"

वाटेत तिनं दोन-तीन कारणं जुळवली होती. ब्रेक, साखळी. पण ब्रेक त्यांनीच नवे घातले होते, साखळी त्यांनीच घट्ट केली होती. खरं सांगावं तर ते माणसाचं कारण होतं, आणि माणसाचं कारण होत नाही. ती दमली होती. तिनं सरळ त्यांच्या डोळ्यांत बघितलं.

"पंक्चर झाली," ती म्हणाली.

दत्तारामांनी खाली टायरकडे बघितलं. भरीव, काळं, आरपार छिद्रांचं रबर. त्यांनी वाकून अंगठ्यानं दाबलं. अंगठा तसूभरही आत गेला नाही. ते वाकलेलेच राहिले.

"कुठं झाली?"

"मथुराकाकीच्या दुकानाशी."

"नेहमीच्या जागी," ते म्हणाले.

आता मुरुडचा ड्रायव्हर निघणार, दर्शनाला वाटलं. आता ते मांडीवर थाप मारणार. दत्ताराम गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू उभे राहिले. पडवीत गेले, वही उघडली, पेन टेकवलं. पण त्यांनी काही लिहिलं नाही. 'परत'च्या रकान्यात वेळसुद्धा लिहिली नाही. वही मिटून खुंटीला अडकवली आणि दिवसभर ते तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. शनिवारी जेवताना त्यांनी एकदाच तोंड उघडलं, तेही समीक्षाकडे बघून. "त्या ड्रायव्हरच्या बहिणीचं नाव जनी होतं," ते म्हणाले, आणि पुन्हा भात कालवायला लागले. रविवार गेला, सोमवार गेला.

मंगळवारी साडेसातला टेम्पोचा हॉर्न वाजला. पाटा बसवून झाला होता. दर्शना आत चहाची भांडी आवरत होती, ती बाहेर गेली नाही. टोपली भरून पडवीत ठेवलेली होती, चाळीसच्या चाळीस अंडी. तिला दत्तारामांच्या चपलांचा आवाज फाटकाकडे जाताना ऐकू आला.

"काय दादा, अंडी?"

"अंडी नाहीत रे," दत्ताराम म्हणाले. "कोंबड्या खुडूक बसल्यात, घालत नाहीत."

त्याच वेळी खुराड्यात एक कोंबडी अंडं घालून उठली आणि तिनं सगळ्या सड्याला ऐकू जाईल असा गिल्ला केला. विनीतनं खुराड्याकडे बघितलं, दत्तारामांकडे बघितलं. दत्ताराम आभाळाकडे बघत होते. एकतीस वर्षांच्या नोकरीत एक खोटी नोंद न केलेला माणूस कानशिलापर्यंत लाल झाला होता. "शुक्रवारी पण नकोच येऊ," ते म्हणाले. "बराच काळ बसतील असं दिसतंय."

टेम्पो गेला. दर्शना दारात आली तेव्हा ते टोपली कॅरिअरला बांधत होते. तळाशी त्यांनी पोत्यातलं तूस ओंजळी-ओंजळीनं भरलं होतं, अगदी काठोकाठ.

"चार फुटली तर फुटतील," ते दोरीच्या गाठीशी बोलत म्हणाले. "अंडीच आहेत."

मग त्यांनी वही काढली. घड्याळ बघून 'सुटली'च्या खाली सात चाळीस लिहिलं. 'पोचली' आणि 'परत' हे दोन रकाने तसेच सोडले, आणि शेवटच्या रुंद रकान्यात, ती अजून फाटकाबाहेरही पडली नव्हती तोवर, ठसठशीत अक्षरात लिहून टाकलं: पंक्चर.

दर्शना वाचत होती. तिच्या डोळ्यांसमोर अक्षरं हलली.

"नीघ," दत्ताराम वही मिटत म्हणाले. "वेळ झाली."